धारेचा वस्तरा की पात्याचा? ठाण्याच्या हवेत शिकणाऱ्यासाठी

दाढी वस्तऱ्याने करायची असं तुमचं ठरलंच असेल, तर त्यावर मी वाद घालणार नाही. ब्रश, साबण, गाल ताणून धरणं, तीसेक अंशांचा कोन, हे सगळं तुम्ही वाचलेलं-पाहिलेलं असणार. उरतो तो प्रश्न एवढाच, की वस्तरा कुठला? एक सलूनमधला, पात्याचा. दाढीचं साधं पातं मधोमध मोडायचं, अर्धं आत सरकवायचं, काम झालं की टाकून द्यायचं. दुसरा जुन्या धाटणीचा, धारेचा. त्यात पातं-बितं काही नाही. पोलादालाच धार, आणि ती राखायची आपण. मी दोन्ही वापरले, तेही घोडबंदर रोडवर, म्हणजे खाडीच्या दमट हवेत आणि टँकरच्या पाण्यात. खाली जे लिहितोय ते त्या हवा-पाण्यासकट वाचावं. पुण्यात किंवा नाशकात हिशेब थोडा वेगळा लागू शकतो.

ज्याला विचाराल तो सांगेल, आधी पात्याचा घ्या, जमलं तर पुढचं बघू. सल्ल्यात तथ्य आहे. सलूनचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात दोन-तीनशे रुपयांत बरा वस्तरा मिळतो. पाती नाक्यावरच्या किराणा दुकानातही मिळतात. ठाण्याला तर पात्यांचं अप्रूप नसावं; सुपरमॅक्सची पाती कित्येक वर्षं इथल्याच कारखान्यात बनत होती. एका पात्यात दोन दाढ्या, म्हणजे खर्च जवळपास शून्य. धार लावणं नाही, धार सरळ करायला चामड्याच्या पट्ट्यावर घासणं नाही, आणि प्रत्येक वेळी कोरी करकरीत धार. सलूनमध्ये जुना वस्तरा मागे पडून हा आला तो एकाचं रक्त दुसऱ्याला लागू नये म्हणून. ती काळजी रास्तच होती. घरात बाप-लेक एकच वस्तरा वापरणार असाल तर तुम्हीही हाच घ्या, पुढचं वाचायची गरज नाही.

धारेच्या वस्तऱ्याचा खर्च वेगळ्या जातीचा. जर्मनीतल्या झोलिंगेनचा नवा, नाव असलेला वस्तरा घ्यायचा तर दहा हजारांच्या पुढेच जावं लागतं. शिवाय चामड्याचा पट्टा हवा. पुढेमागे धार लावायचे दगड हवेत. स्वस्तातले चिनी वस्तरे मिळतात आणि त्यांचं पोलाद वाईट नसतं, पण येताना ते दाढीलायक धारेचे नसतात. नवशिक्याने तो वस्तरा तसाच गालावर ठेवला की केस ओढले जातात, आणि माणूस समजतो की आपल्यालाच जमत नाही. चोर बाजारात इंग्लंडमधल्या शेफील्डचे, झोलिंगेनचे जुने वस्तरे कधीमधी हाती लागतात. धारेला चीर किंवा खोल गंज नसेल तर त्यांच्यासारखा सौदा नाही, पण त्यांनाही आधी कुणीतरी जाणत्याने धार लावून द्यायला हवी.

ते काम सायकलवरून फिरणाऱ्या धारवाल्याकडे मात्र देऊ नका. विळी, कात्री, कोयता यांना त्याचं चाक छान. वस्तऱ्याची कड इतकी पातळ असते की चाकावर ती क्षणात तापते आणि पोलादाचं पाणी उतरतं. एकदा उतरलं की दगडावर कितीही घासा, धार टिकत नाही. वस्तऱ्याला दगडच हवा. कड पूर्ण गेली असेल तर १००० नंबरच्या दगडापासून सुरुवात (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक), मग ४०००, ८०००, आणि हौस असेल तर १२०००. ऐकायला अवघड वाटतं, पण स्वयंपाकघरातल्या सुरीपेक्षा सोपं आहे. सुरीचा कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्याची जाड पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडावर टेकतात, त्यामुळे कोन आपोआप तोच राहतो. रोजच्या दाढीआधी पट्टा नीट मारत असाल तर दगडाची गरज काही महिन्यांनीच पडते.

आता पावसाळा. जून ते सप्टेंबर इथे काय होतं ते सांगायला नको. कपाटातले बूट पांढरे होतात, पासपोर्टच्या पानांना वास येतो. कार्बन पोलादाचा वस्तरा दाढीनंतर नीट पुसला नाही तर दुसऱ्या दिवशी त्यावर तपकिरी ठिपका दिसतो. ठिपका वस्तऱ्याच्या पोटावर असेल तर घासून निघतो. धारेवर असेल तर मात्र ती जागा दगडावर झिजवूनच काढावी लागते. उपाय साधे आहेत. वस्तरा बाथरूममध्ये ठेवायचा नाही. धुतल्यावर पुसायचा, मुठीच्या फटीतलंही पाणी टिपायचं, आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब धारेवरून फिरवायचा. खोबरेल लावू नका, चिकट होतं. मग सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या डब्यात ठेवून द्यायचा. आमच्याकडे औषधांच्या बाटल्यांतल्या पुड्या या कामासाठी जमवल्या जातात आणि घरातल्यांची त्यावर टीका-टिप्पणी चालू असते. स्टेनलेसचा वस्तरा मिळाला तर ही धास्ती बरीच कमी होते. हेंकेल्स या जर्मन कंपनीचे 'फ्रिओदुर' शिक्क्याचे जुने वस्तरे त्याच जातीचे. दगडावर ते जरा हट्टी असतात, एवढंच.

पट्ट्याची गोष्ट वस्तऱ्यापेक्षा चिवट. जुलैत चामड्यावर बुरशी येतेच. तो कपाटात गुंडाळून ठेवला तर हमखास येते. बेडरूमच्या दाराच्या कडीला उघडा टांगला तर कमी. आली तर कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली धरायचा, उन्हात टाकायचा नाही, चामडं तडकतं. या एका बाबतीत पात्याच्या वस्तऱ्याला शंभर टक्के गुण, मान्य.

आणि पाणी. बोअरवेलच्या जड पाण्यात साबणाचा फेस धरत नाही, त्यावर फाटका-तुटका थर येतो, आणि वस्तरा दोन्हीपैकी कुठलाही असला तरी ओढतो. नेरूळला बहिणीकडे मोरबे धरणाचं पाणी आहे. तिथे तोच साबण, तोच ब्रश आणि फेस दह्यासारखा घट्ट. तुमच्या सोसायटीत टँकर येत असेल तर दाढीपुरतं एक भांडं पिण्याचं पाणी घ्या आणि मग वस्तऱ्याला नावं ठेवा.

इथवर वाचून पारडं पात्याच्या बाजूला झुकलेलं दिसेल. माझंही बराच काळ झुकलेलं होतं. ते फिरलं एका बारीकशा कटकटीमुळे: अर्धं पातं कधी सरळ बसतच नाही.

पातं कागदात असतानाच दुमडून मोडायचं, मग खाचेत सरकवायचं, वरची पट्टी बंद करायची. पातं जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचं. खाच त्याहून सैल असावीच लागते, नाहीतर ते सरकणारच नाही. मग बंद करताना ते किंचित फिरतं. टाचेकडे, म्हणजे मुठीच्या बाजूला, केसभर आत, टोकाकडे केसभर बाहेर. डोळ्यांना दिसतही नाही, खिडकीच्या उजेडात आडवं धरलं तर कळतं. गालावर मात्र लगेच कळतं. जे टोक बाहेर राहिलं त्याचा कोपरा चौकोनी आणि पुऱ्या धारेचा असतो. सपाट गालावर तो काही करत नाही. जबड्याच्या वळणावर, कानाच्या पाळीखाली, हनुवटीच्या खळग्यात तो बरोबर रुततो. पुन्हा बसवलं तर आता टाच बाहेर. दुसऱ्या दिवशी नवं अर्धं, नवा तिरकेपणा.

याचा त्रास नुसत्या चिरण्याचा नाही. तुरटी लावली की चिरलेलं भागतं. पण शिकणाऱ्याला हे कळायला हवं, की आज कानाखाली लागलं ते कशामुळे: कोन उघडला म्हणून, दाब दिला म्हणून, की पातंच वाकडं होतं म्हणून? पात्याच्या वस्तऱ्यात याचं उत्तर मिळत नाही. रोज हातात जवळजवळ वेगळं हत्यार असतं, मग कालच्या दाढीतून आज काय शिकायचं? सलूनमधल्या कारागिराला हे जाणवत नाही, कारण तो दिवसभर पाती बसवतो, बोटाने चाचपून त्याला कळतं, आणि त्याला दुसऱ्याचा गाल समोरून दिसतो. आपण आरशात उलटं बघून, कोपर हवेत धरून, अर्धवट झोपेत काम करत असतो.

धारेच्या वस्तऱ्यात कालची धार ती आजची. फरक पडला तर तो आपल्या पट्ट्यामुळे. आणि तो आधी सांगून पडतो. पट्टा चुकीचा मारला, म्हणजे वळवताना पाठीवरून न वळवता धारेवरून वळवला किंवा पट्टा सैल धरला, तर धार बोथटते आणि वस्तरा केस ओढायला लागतो. ओढणं हा इशारा असतो, तिथे थांबता येतं. कोरं पातं इशारा देत नाही. त्याला कातडी आणि केस यांत फरक दिसत नाही. शिवाय धारेचा वस्तरा गोल टोकाचा मिळतो. नवशिक्याने तोच घ्यावा, म्हणजे कोपरा हा प्रश्नच उरत नाही. वजनही जास्त, त्यामुळे दाब द्यायचा मोह कमी होतो.

न्यायाचं बोलायचं तर पात्याचे सगळे वस्तरे असे नाहीत. जपानी फेदरचे 'आर्टिस्ट क्लब' घ्या. त्यांचं पातं लांब, जाडसर, खास त्यांच्यासाठीच बनवलेलं, आणि ते बसतं घट्ट. पण मग किराणा दुकानातली स्वस्ताई गेली, पाती मागवत बसा. साध्या पात्याचे कोपरे दगडावर हलकेच घासून बोथट करणारेही आहेत. युक्ती चालते. पण दगडच घासायचा तर मग वस्तऱ्यालाच घासावा, असं मला आपलं वाटतं.

दाढी राखलेली आहे आणि फक्त कडा, कल्ले, मानेवरची रेघ स्वच्छ करायची आहे, त्याने पात्याचाच घ्यावा. तिथे तोच चौकोनी कोपरा कामाला येतो. सारखा फिरतीवर असणाऱ्यानेही तोच घ्यावा. वापरलेली अर्धी पाती मात्र सुट्टी कचऱ्यात टाकू नका, कचरा वेगळा करणाऱ्यांचे हात कापतात. झाकणाला चीर पाडलेला पत्र्याचा डबा ठेवा. तो भरायला वर्षं जातात.

बाकीच्यांना, म्हणजे पूर्ण दाढी घरी करायची आहे आणि सुट्टीच्या दिवशी अर्धा तास काढता येतो अशांना, मी भीतभीत का होईना धारेचाच सुचवीन. पहिले काही आठवडे फक्त दोन्ही गाल, बाकीचं नेहमीच्या रेझरने. मग मान, मग वरचा ओठ, हनुवटी सर्वांत शेवटी. उलटी दाढी तर इतक्यात नकोच. लोकल पकडायच्या दिवशी वस्तऱ्याला हात लावू नका. पट्टा सुरुवातीला स्वस्तातला घ्या, तो कापला जाणार हे धरूनच. आणि जूनमध्ये सुरुवात करू नका. दिवाळी झाल्यावर घ्या. हवा कोरडी असते, चामडं धड राहतं, आणि पुढच्या पावसापर्यंत पुसण्या-तेल लावण्याची सवय हाताला लागलेली असते.