आयर्लंडला पूर्वजांचं गाव शोधायला जाणार असाल तर हे आधी वाचा, आमचे १४०० युरो गेलेत

मागच्या सप्टेंबरात आम्ही आयर्लंडला गेलो होतो, मी, नवरा आणि सासूबाई. नवरा बॉस्टनचा. सासूबाईंची पणजी ब्रिजेट वॉल्श, जन्म १८६१ चा, मेयो काउंटीतून १८८३ मध्ये बोटीने अमेरिकेला आली एवढंच घरात माहीत, गाव कुठलं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. सासूबाई ७६ वर्षांच्या, गुडघे दुखतात, पण एकदा ते घर डोळ्यांनी बघायचंय असं कित्येक वर्षं म्हणत होत्या, म्हणून मीच पुढाकार घेऊन ऑनलाइन एक वंशावळ शोधून देणारा माणूस गाठला. रिपोर्ट, जन्मदाखल्याची प्रत आणि एक दिवस सोबत येऊन मूळ घर दाखवणार, सगळे मिळून १४०० युरो. ६०० आधी बँकेतून ट्रान्सफर, ८०० तिथे गेल्यावर कॅश.

विश्वास का ठेवला तर लहानपणी बाबा मला नाशिकला घेऊन गेले होते, तिथे आमच्या उपाध्यांनी चोपडी उघडून पणजोबांची सही दाखवली होती. त्या पिवळ्या पानावर बोट ठेवल्याचं मला अजून आठवतं. तसाच कुणीतरी तिकडेही असेल असं मी धरून चालले.

आणि तो माणूस खोटं बोलायचा ते खऱ्या गोष्टीला धरून. १९२२ मध्ये सिव्हिल वॉर सुरू झालं तेव्हा डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दफ्तर स्फोट आणि आगीत गेलं, जुन्या जनगणना जळाल्या, हे अगदी खरं आहे. तो म्हणाला, त्यामुळे आता कुठेच काही मिळत नाही, माझ्याकडे खासगी कागद आहेत. आम्ही मान डोलावली. पण कॅथलिक चर्चची बाप्तिस्म्याची रजिस्टरं त्या दफ्तरात नव्हतीच, ती चर्चकडेच होती म्हणून वाचली, आणि २०१५ पासून आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीच्या वेबसाइटवर फुकट बघता येतात. हे मला तेव्हा माहीत असतं तर!

डब्लिनहून गाडी घेतली. मी पुण्यात शिकलेय त्यामुळे डावीकडून चालवायला मला काही वाटलं नाही, नवरा मात्र शेजारी जीव मुठीत धरून बसलेला. लाँगफर्डच्या पुढे रस्ते अरुंद होत जातात आणि मेयोत आतल्या भागात तर मधोमध गवत उगवलेलं, दोन्हीकडे दगड नुसते रचून केलेल्या भिंती, मेंढ्यांच्या पाठीवर निळे-लाल रंगाचे पट्टे. मरिस्कला दुष्काळाचं स्मारक आहे, ब्राँझचं जहाज, डोलकाठ्यांच्या दोरांमध्ये सांगाडे गुंतलेले. सासूबाई तिथे बराच वेळ बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो आला. छान बोलणारा, सासूबाईंचा हात धरून चिखलातून नेलं त्याने. छप्पर नसलेलं एक दगडी घर दाखवलं, म्हणाला इथे चूल होती, इथे ब्रिजेट झोपायची, आणि कोपऱ्यातला एक दगड उचलून सासूबाईंच्या ओंजळीत ठेवला. त्या रडल्या. मीही रडले. ८०० युरो तिथेच मोजून दिले.

नवरा बांधकामात आहे, त्याने गाडीत बसल्यावर हळूच सांगितलं की दारावरची आडवी तुळई काँक्रीटची होती, आत लोखंडी सळई दिसत होती, त्या काळच्या घरात हे कुठून आलं? रात्री बी अँड बीच्या मालकीणबाईंना फोटो दाखवला तर त्या गप्पच झाल्या, मग म्हणाल्या, हा तर गायींचा गोठा आहे, मी लहानपणापासून बघतेय.

मग मी रात्री दोनपर्यंत लॅपटॉप घेऊन बसले. त्याने दिलेला "सरकारी जन्मदाखला" १८६१ चा. आयर्लंडमध्ये सगळ्यांच्या जन्माची सरकारी नोंद सुरूच झाली १८६४ मध्ये! म्हणजे तो कागद असूच शकत नाही. ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन म्हणून १८४७ ते १८६४ ची घरपट्टीसारखी यादी आहे, तीही नकाशासकट फुकट, त्यात त्या टाउनलँडमध्ये (टाउनलँड म्हणजे आपली वाडी समजा) एकही वॉल्श नाही. १९०१ आणि १९११ ची जनगणना फुकट. १८६४ नंतरचे जुने जन्म-लग्न-मृत्यू आयरिशजिनिऑलॉजी डॉट आयई या सरकारी साइटवर, मूळ पानाच्या फोटोसकट. १४०० युरो कशाचे दिले आम्ही?

गार्डा म्हणजे तिथल्या पोलिसांकडे तक्रार दिली, त्यांनी नीट लिहून घेतली. पण कॅशची पावती नाही, आणि ट्रान्सफर मी स्वतः केलेली म्हणून बँकेने हात वर केले. कार्डाने भरले असते तर निदान वाद घालता आला असता. ज्यांना माणूस लावायचाच आहे त्यांनी अ‍ॅक्रेडिटेड जिनिऑलॉजिस्ट्स आयर्लंड या संस्थेच्या यादीत नाव आहे का बघा, काउंटीची हेरिटेज सेंटर्सही रीतसर फी घेऊन शोधून देतात. आणि प्रत्येक नोंद कुठल्या रजिस्टरची, कुठल्या पानावरची ते विचारा. आमच्या रिपोर्टमध्ये पानाचा नंबर एकदाही नव्हता आणि मला ते खटकलंसुद्धा नाही.

सासूबाईंना सांगावं की नाही यावर आमचं दोन दिवस चाललं. शेवटी वेस्टपोर्टला चहा पिताना मीच सांगितलं. त्या म्हणाल्या, खरी कुठली ते शोध मग.

तेव्हापासून शोधतेय. वॉल्श हे मेयोत आपल्याकडच्या पाटलांसारखं आडनाव आहे, हाक मारली की दहा जण वळतील. आतापर्यंत दोन ब्रिजेट सापडल्यात, दोन्ही १८६१ च्या, वेगवेगळ्या पॅरिशमधल्या (पॅरिश म्हणजे एका चर्चखाली येणारा भाग), लॅटिनमध्ये ब्रिजिडा असं लिहिलेलं, एकीच्या आईच्या नावावर शाईचा डाग आहे. सासूबाई दर रविवारी फोन करून विचारतात, तो डाग वाचता आला का.