ट्यूबलेस टायरचे पंक्चर काढण्याचा हातसंच : दिवे घाटातल्या दोन वर्षांच्या वापरानंतर

हडपसरहून सासवडला रोज स्कूटरने ये-जा करणाऱ्या माझ्यासारखीला दिवे घाट टळत नाही, आणि अंधार पडल्यावर त्या चढावर पंक्चर झाले तर वडकी किंवा झेंडेवाडी यांपैकी जे जवळ असेल तिथपर्यंत गाडी ढकलत नेण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी पंक्चर काढण्याचा संच डिकीत ठेवू लागले. या काळात दोन संच वापरून झाले. पहिल्याने ऐन वेळी दगा दिला, दुसऱ्याने आतापर्यंत तीन वेळा मला घरी पोचवले. दोन्हींच्या किमतीत फारसा फरक नव्हता. फरक होता तो मुठीत आणि पोलादात.

पहिला संच मी 299 रुपयांना ऑनलाइन मागवला होता. आकर्षक पेटी, भरपूर वस्तू, आणि टोच्या व सुई या दोन मुख्य हत्यारांना पेचकसासारख्या सरळ प्लास्टिकच्या मुठी. टोच्या म्हणजे खिळ्याने पाडलेले भोक खरवडून एकसारखे करणारे, पेचदार कानशीसारखे हत्यार. घाटाच्या दुसऱ्या वळणावर मागच्या चाकातला खिळा काढून मी तो आत रेटला, तो अर्ध्यापर्यंत गेला, आणि मूठ व दांडा यांचा सांधा सुटला. दांडा टायरमध्ये घट्ट रुतलेला आणि मूठ माझ्या हातात नुसतीच फिरते आहे, अशी अवस्था झाली. दांडा बाहेर ओढायला पक्कडही नव्हती. त्या रात्री दीड तास गाडी ढकलताना हे हत्यार बनवणाऱ्याने ते स्वतः एकदा तरी टायरमध्ये घालून पाहिले असेल का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नव्हता.

दुसरा संच नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या एका दुकानातून घेतला. त्यावर कोणत्याही मोठ्या कंपनीचे नाव नाही, साध्या रेक्झिनच्या पिशवीत तो येतो, आणि मला तो 420 रुपयांना पडला. दुकानदारांनी पैसे घेण्याआधी कोपऱ्यातले एक जुने टायर पुढे ओढले आणि म्हणाले, "ताई, आधी यात घालून बघा, हाताला जमतंय का ते कळेल." हातहत्यार विकण्याची याहून प्रामाणिक पद्धत मी पाहिलेली नाही, आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी असा संच हातात धरल्याशिवाय घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या संचातल्या दोन्ही हत्यारांना इंग्रजी टी अक्षरासारखी आडवी धातूची मूठ आहे. सरळ मुठीला आपण बोटांनी आवळून धरतो, त्यामुळे सगळा भार बोटांवर आणि मनगटावर येतो. आडवी मूठ मात्र तळव्यात बसते आणि कोपर सरळ ठेवून अंगाचा भार थेट टायरवर देता येतो. माझे वजन पन्नास किलोच्या आत आहे, तरीही गाडी मुख्य स्टँडवर लावून, गुडघ्यावर बसून, मला टोच्या पूर्ण आत घालता आला. दांडा मुठीत नुसता खोचलेला नसून आरपार जाऊन पक्का केलेला आहे, हे विकत घेताना मुद्दाम पाहावे.

काम करताना खिळा ज्या तिरप्या दिशेने घुसला असेल त्याच दिशेने टोच्या घालावा लागतो, नाहीतर शेजारीच दुसरे भोक पडते. टोच्याला थोडे सोल्युशन, म्हणजे रबर चिकटवायचे द्रावण, लावून तो उजवीकडे फिरवत चार-पाच वेळा आत-बाहेर केला की रबराचा भुगा बाहेर येतो आणि हात हलका पडतो. मग सुईच्या नेढ्यात भोक बुजवणारी चिकट रबरी पट्टी मध्यावर ओवायची, तिलाही सोल्युशन चोपडायचे आणि दोन्ही टोके बोटाच्या पेराएवढी बाहेर राहतील इतकी ती दाबायची. सुईचे नेढे टोकाशी चिरलेले असते. सुई न पिळता एका झटक्यात सरळ ओढली की पट्टी त्या चिरेतून निसटून आतच राहते आणि फुसफुस थांबते. पहिल्यांदा तो आवाज थांबला तेव्हा मला किती हायसे वाटले ते सांगता येणार नाही. बाहेरची टोके पृष्ठभागाला अगदी घासून न कापता थोडी ठेवून कापावीत, आणि हवा भरल्यावर त्या जागी साबणाचे पाणी किंवा नुसती थुंकी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे.

सोबतच्या पाच पट्ट्या चांगल्या निघाल्या. सोल्युशनची नळी मात्र या संचातली सर्वांत कच्ची वस्तू आहे. एकदा उघडली की काही महिन्यांत आतले द्रावण वाळून जाते, आणि डिकीतल्या उष्णतेने ते आणखी लवकर होते. मी आता दर पावसाळ्याच्या सुरुवातीला नवी नळी घेते. पट्ट्यासुद्धा प्लास्टिकच्या वेष्टनातच राहू द्याव्यात, कारण धूळ बसली की त्यांचा चिकटपणा जातो.

संचात पंप नाही, आणि पंपाशिवाय हा सगळा खटाटोप निम्माच आहे. मी बोहरी आळीतून मीटर असलेला पायपंप वेगळा घेतला. मागच्या चाकात 36 पीएसआय भरायला साठ-सत्तर वेळा पाय मारावा लागतो. हवा पूर्ण गेलेल्या टायरवर गाडी तशीच चालवली तर टायरची कड रिमवरून सुटते, आणि एकदा ती सुटली की पायपंपाने कितीही हवा मारली तरी धरत नाही. त्यामुळे मागचे चाक डगमगते आहे असे वाटताच थांबणे भाग आहे.

हा संच फक्त टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागातल्या, साधारण 6 मिलिमीटरपर्यंतच्या भोकासाठी आहे. बाजूची भिंत फाटली असेल तर पट्टी घालूच नये, कारण तो भाग चालताना सतत वाकत असतो आणि पट्टी टिकत नाही. ट्यूब असलेल्या टायरला याचा काहीच उपयोग नाही. चारचाकीच्या रेडियल टायरमध्ये पोलादी तारा असतात, त्यातून टोच्या घालायला बराच जास्त जोर लागतो. त्यासाठी हाच संच पुरेल असे मी सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी दर वेळी टायर पंक्चरवाल्याकडे उतरवून आतून मशरूम पॅच, म्हणजे छत्रीच्या आकाराचे रबरी ठिगळ, लावून घेतला आहे, कारण बाहेरून घातलेली पट्टी ही मी तात्पुरतीच सोय मानते. तिसऱ्या वेळी माझी पट्टी आतून पाहून ते काका म्हणाले, "बरोबर मध्यावर बसलीय." संचात नसलेली लांब चोचीची पक्कड तेवढी वेगळी घ्यावी लागते, कारण डोके तुटलेला खिळा बोटांनी निघत नाही.