कंटूर गेज आठ महिने वापरल्यावर: बोटीच्या पोटात किती कामाचा?

अलंगच्या जहाजतोडणी यार्डातून आणलेल्या जुन्या फायबरच्या लाइफबोटीची आम्ही पादरा गावाजवळच्या शेतात बसायची खोली करतोय. बोटीच्या पोटात एक बाजू सरळ असेल तर शपथ! गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) टेकवायला जागा नाही. म्हणून बडोद्यात घरबसल्या दहा इंची प्लॅस्टिकचा कंटूर गेज मागवला, म्हणजे सरकत्या दातांची रांग, वस्तूवर दाबली की तिचा आकार उचलते.

लहान आकाराला तो फार छान. पाइपाभोवतीची गोलाई, खिडकीच्या चौकटीचा कोपरा, बाकाची कड, दात दाबले, खटका लावला, प्लायवर आखलं की झालं. फायबर घासल्याची पूड दातांत बसली की मात्र ते अडकतात. कोरड्या ब्रशने झाडा, तेल घालू नका, पूड आणखी चिकटते.

फसलो ते बोटीच्या रुंदीभर उभ्या करायच्या आडव्या पार्टिशनला. दहा-दहा इंचांचे तुकडे जोडत बोटीची कूस (आतल्या बाजूची गोलाई) उतरवली. प्रत्येक जोडाला केसभर चूक, आणि चार फुटांवर हाताचं बोट जाईल एवढी फट. मरीन प्लायचा महागडा तुकडा वाया गेला, फार वाईट वाटलं. मिस्त्री म्हणाले, "काका, आकार उचलू नका, ठिपके उचला."

बोटी बांधणाऱ्यांची ही जुनी रीत. टोकदार पट्टी घ्यायची, तिच्या एका कडेला वेगवेगळ्या खाचा पाडायच्या. पार्टिशन येणार त्याच जागी, त्याच पातळीत जाड पुठ्ठा घट्ट बसवायचा. पट्टीचं टोक कुशीला टेकवून खाचांसकट तिची कड पुठ्ठ्यावर आखायची आणि नंबर टाकायचा. गोलाई जास्त तिथे दर दोन इंचांवर, सपाट तिथे लांब लांब. मग पुठ्ठा प्लायवर ठेवून पट्टी प्रत्येक खुणेवर परत बसवायची. खाचांमुळे ती एकाच जागी बसते, सरकत नाही. टोकाशी ठिपका द्यायचा. सगळे ठिपके लवचिक पट्टीने जोडले की कूस प्लायवर उतरते. आमचं दुसरं पार्टिशन पहिल्याच फेरीत बसलं, मी दोनदा हात फिरवून पाहिला.

बोट टोकाकडे निमुळती होते, त्यामुळे पार्टिशनची बोटीच्या मध्याकडची बाजू मोठी आणि टोकाकडची लहान लागते. ठिपके मोठ्या बाजूवर घ्या, तिथे सरळ कापा आणि मग रंध्याने कड तिरकी करा. कड फायबरला थेट टेकवू नका, पाच मिलिमीटर सोडून फोमची पट्टी भरा. पाण्यातल्या बोटीत प्लाय टेकला की लाटांचा सगळा ताण त्याच रेघेवर येतो.

गेज परत घेईन, पण फक्त वीतभर कामासाठी.