एकूण दाव्यांचे वितरण: पॅन्जरचे सूत्र, फूरिये रूपांतर की सिम्युलेशन?

विमा कंपनीकडे वर्षभरात किती दावे येतील आणि प्रत्येक दावा किती रकमेचा असेल, या दोन अनिश्चित गोष्टींतून घडणाऱ्या एकूण रकमेचे वितरण, म्हणजे कोणती रक्कम किती संभाव्य आहे याचा तक्ता, मिळाल्याशिवाय प्रीमियम किंवा राखीव भांडवल नीट ठरवता येत नाही.

हॅरी पॅन्जर यांचे 1981 सालचे पुनरावर्ती सूत्र, म्हणजे लहान रकमांच्या संभाव्यतांवरून पुढच्या रकमेची संभाव्यता काढणारे सूत्र, समजायला सोपे आहे. दावासंख्येच्या पॉयसाँ, द्विपद आणि ऋण द्विपद या तीन प्रमुख वितरणांना ते लागू पडते. पॉयसाँ आणि ऋण द्विपद वितरणांसाठी ते आकडेमोडीच्या दृष्टीने स्थिरही आहे. मात्र बिंदू (ज्या ठरावीक रकमांवर संभाव्यता काढायची त्या) दुप्पट केले की श्रम चौपट होतात, आणि पॉयसाँ सरासरी सुमारे 745 च्या पुढे गेली की आरंभीची, म्हणजे एकूण रक्कम शून्य असण्याची, संभाव्यता संगणकाच्या नेहमीच्या दुहेरी अचूकतेत शून्य होऊन पुढचे सारेच शून्य येते.

फूरिये मार्गात एका दाव्याच्या रकमेच्या वितरणाचे रूपांतर करून (म्हणजे ते वेगवेगळ्या वारंवारतांच्या लहरींत मांडून) प्रत्येक बिंदूवर दावासंख्येचे संभाव्यता जनक फल (तिच्या सर्व संभाव्यता एकाच सूत्रात सामावणारे फल) लावायचे आणि उलट रूपांतर घ्यायचे. ते फल ठाऊक असेल, तर दावासंख्येचे वितरण कोणतेही चालते. कूली आणि ट्यूकी यांच्या 1965 च्या शीघ्र पद्धतीने 65,536 बिंदूंच्या एका रूपांतराला साधारण 10.5 लाख टप्पे लागतात. पॅन्जरच्या सूत्राचे श्रम बिंदूसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात, आणि याच बिंदूसंख्येचा वर्ग सुमारे 429 कोटी होतो. मोठ्या पोर्टफोलिओसाठी मी हाच मार्ग निवडेन.

धोका मात्र नीट समजून घ्यावा. रूपांतर रकमांच्या निवडलेल्या पल्ल्याला वर्तुळ मानते, त्यामुळे पल्ल्याबाहेरची संभाव्यता फिरून लहान रकमांवर येऊन बसते आणि एकूण बेरीज 1 च राहिल्याने चूक सहज दिसत नाही. कंपनांचा अभ्यास करणाऱ्या अभियंत्यांना हा दोष उलट बाजूने परिचित आहे: नमुने विरळ घेतले की उच्च वारंवारता नीच वारंवारतेचे रूप घेते. विम्यात उपाय असा: पल्ला वाढवावा, किंवा वितरणाला आधी घातांकी उतार देऊन (मोठ्या रकमांच्या संभाव्यता ठरावीक दराने कमी करत नेऊन) शेवटी तो काढून घ्यावा. उताराचा दर आणि बिंदूसंख्या यांचा गुणाकार 20 च्या आसपास ठेवणे सहसा योग्य ठरते; उतार फार तीव्र केला तर पूर्णांकनाची चूक फुगते. मिळालेली सरासरी सैद्धांतिक सरासरीशी जुळवून पाहिल्याखेरीज निकाल वापरू नये.

सिम्युलेशन, म्हणजे यादृच्छिक आकड्यांनी काल्पनिक वर्षे पुन्हा पुन्हा रचून पाहणे, संथ आहे. 200 वर्षांतून एकदा येणाऱ्या तोट्यासाठी 1 लाख फेऱ्या केल्या, तरी शेपटीत, म्हणजे त्याहून मोठ्या तोट्यांत, सरासरी 500 च नमुने उरतात, आणि चूक दहापट कमी करायला शंभरपट फेऱ्या लागतात. तरीही दावे परस्परावलंबी असतील, किंवा पुनर्विमा (विमा कंपनीने स्वतःसाठी घेतलेला विमा) करारात संरक्षण पुन्हा चालू करण्याच्या गुंतागुंतीच्या अटी असतील, तर तोच मार्ग व्यवहार्य राहतो. अशा वेळी आधी अटी वगळलेले साधे प्रारूप फूरिये मार्गाने सोडवून त्याच्याशी सिम्युलेशनचे निकाल ताडून पाहावेत आणि ते जुळल्यावरच एकेक अट त्यात घालावी.