दुभाजकाला चाक धडकलं: गावचा मिस्त्री, अलाइनमेंटचं मशीन की कंपनीचं वर्कशॉप?

सोयाबीनचा हंगाम होता. आर्णीहून यवतमाळकडे येताना दिवेलागणीला समोर बिनालाइटची ट्रॉली आली. गाडी उजवीकडे दाबली आणि पुढचं उजवं चाक दणकन दुभाजकाच्या कडेवर आदळलं. टायर फुटला नाही, गाडी चालत होती. फरक एवढाच होता की, रस्ता सरळ असला तरी स्टेअरिंग दोन बोटं तिरकं धरावं लागत होतं.

अशा वेळी आपल्या भागात तीन वाटा असतात. गावातला किंवा तालुक्याचा मिस्त्री, जिल्ह्याच्या गावचं अलाइनमेंट-बॅलन्सिंगचं (चाकांचे कोन आणि वजन जुळवून देणारं) दुकान, नाहीतर कंपनीचं वर्कशॉप. मी आधी दुसरी वाट धरली आणि चुकलो. मशीनवर गाडी चढली, टो (पुढची चाकं वरून पाहिली तर आत किंवा बाहेर किती वळलीत, तो कोन) सेट झाला, स्टेअरिंग सरळ आलं. समाधानानं घरी आलो. दोन महिन्यांनी पाहतो तर त्याच टायरची बाहेरची कड पार गुळगुळीत झालेली.

मशीनबद्दलचा गैरसमज इथेच होतो. मशीन चाकाचा कोन मोजतं, वाकलेलं लोखंड सरळ करत नाही. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांचा फक्त टो पान्यानं कमी-जास्त करता येतो. कॅम्बर (समोरून पाहिलं तर चाक आत-बाहेर किती कललंय) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं तो पुढे-मागे किती झुकलाय) कंपनीतूनच ठरून आलेले असतात. म्हणून कॅम्बरचा आकडा लाल दिसला, तर लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी धरून ठेवणारा दांडा), शॉकअप किंवा चाकाचा हब यांपैकी काहीतरी वाकलंय असं समजा. अशा वेळी टो फिरवून स्टेअरिंग सरळ करून दिलं, तर दुखणं तसंच राहतं आणि टायर खातं. दुकानातून निघताना आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला कागद मागून घ्या. मी तेव्हा घेतला नव्हता.

मग गाडी गावच्या मिस्त्रीकडे नेली. तो म्हणाला, "पहिले जॅक लावू द्या भाऊ, मशीनवर मंग जाजा." त्यानं चाक उचललं आणि घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी दोन्ही हातांनी धरून हलवलं. इथे खट्‌ खट्‌ झालं तर टाय रॉड एंड (स्टेअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचं टोक) ढिला. मग बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं. तिथे प्ले (ढिलेपणा) आला तर बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा सांधा) किंवा बेअरिंग. माझ्या गाडीत दोन्हीकडे प्ले नव्हता. मग त्यानं टायर आणि मडगार्डमधल्या फटीत बोटं घातली. डाव्या चाकामागे चार बोटं बसली, उजव्याला जेमतेम तीन. म्हणजे चाक मागे सरकलं होतं. लोअर आर्म काढून नव्याशेजारी बारदान्यावर ठेवला, तेव्हा मधला वाक सहज दिसला. गाडीखाली असताना तो कुणाच्याच नजरेत आला नव्हता.

एवढ्या तपासणीला मिस्त्रीला अर्धा तास लागला. म्हणून माझ्या मते पहिला थांबा तोच. तुमचा मिस्त्री जॅक न लावता "चालून जाते" म्हणत असेल, तर मात्र दुसरा पाहा. स्टेअरिंगचं चाक काढून सरळ बसवून देतो म्हणणाऱ्यालाही नाही म्हणा. त्यातच एअरबॅग असते आणि इलेक्ट्रिक स्टेअरिंगच्या बऱ्याच गाड्यांत कोन मोजणारा सेन्सरही असतो. आणि हो, आर्म किंवा टाय रॉड बदलला की अलाइनमेंट करावंच लागतं. म्हणजे मशीनवर जायचंच आहे, पण मिस्त्रीनंतर.

थेट मशीनवर कधी जावं? जॅकवर सगळं घट्ट आहे, फटी सारख्या आहेत, फक्त स्टेअरिंग किंचित तिरकं आहे, तेव्हा. ताशी 80 किलोमीटरच्या पुढे स्टेअरिंग थरथरत असेल तर आधी बॅलन्सिंग मशीनवर रिम फिरवून बघायला सांगा. वाकडी रिम तिथे डोळ्यांनाच डोलताना दिसते. लोखंडी रिम ठोकून बऱ्यापैकी सरळ होते. अलॉय मात्र चिरते, आणि चिरलेली अलॉय वेल्डिंग करून वापरायला माझी तयारी नाही. रोज थोडी हवा जात असेल तर रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे सांगतील.

कंपनीचं वर्कशॉप लांब पडतं, बिल मोठं येतं आणि दिवस मोडतो. तरी काही वेळा तिथेच जावं लागतं. डॅशबोर्डवर स्टेअरिंगचा किंवा एअरबॅगचा दिवा पेटला असेल किंवा स्टेअरिंग फिरवताना मध्येच अडकत असेल, तर तिथेच. भाग बदलूनही कॅम्बर जागेवर येत नसेल तरी तिथेच, कारण मग सबफ्रेम (लोअर आर्म ज्यावर बसतो ती खालची चौकट) सरकल्याची शंका घ्यायला हवी. मागचं चाक धडकलं असेल तरी तिकडेच जा. छोट्या गाड्यांत बहुधा मागे एकच सलग अॅक्सल असतो, त्यात अॅडजस्ट करण्यासारखं काही नसतं. तो वाकला की गाडी तिरपी धावते.

विम्याचा क्लेम घ्यायचा असेल तर काम उघडण्याआधी विमा कंपनीला कळवा, सर्वेक्षण होऊ द्या. साध्या पॉलिसीत टायरच्या किमतीतले 50 टक्के घसाऱ्यात जातात, आणि क्लेम घेतला की नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, जो 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत वाढलेला असतो. एका आर्मसाठी मी क्लेम घेतला नाही. रिम, टायर, शॉकअप सगळं गेलं असतं तर घेतला असता.

मात्र टायरच्या बाजूला फुगा आला असेल, तर यातली कुठलीच वाट गाडी चालवत गाठू नका. आतले दोरे तुटलेले असतात, तो टायर कधीही फुटतो. स्टेपनी लावा. चाक उघड्या डोळ्यांना वाकडं दिसत असेल किंवा खाली तेल टपकत असेल, तर गाडी उचलून न्यायला सांगा, मग रात्र त्या रस्त्यावर काढावी लागली तरी चालेल.