सायकलचा ट्रेनर नऊ महिने, गाडीवर सायकली न्यायचा रॅक पाच महिने: वापरून सांगते

“अगं, पहाटे साडेपाचला मिक्सर कोण लावतं तुमच्याकडे?” खालच्या काकूंनी जिन्यात गाठून विचारलं, तेव्हा ट्रेनर (सायकल अडकवून घरातच चालवायचं यंत्र) घरी येऊन जेमतेम चार दिवस झाले होते. मी म्हटलं, “काकू, मिक्सर नाही, सायकल चालवते.” त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वर आमच्या दाराकडे. “घरात?” त्या एका शब्दाला नीट उत्तर द्यायला मला पुढे महिना लागला.

आधी आमची परिस्थिती सांगते, म्हणजे तुमच्याशी किती जुळते ते तुम्हाला ठरवता येईल. माझं वय ४४. कर्वेनगरात जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझी दहा स्पीडची (मागे दहा गिअरची) ॲल्युमिनियमची रोड बाइक, नवऱ्याची एमटीबी (माउंटन बाइक) आणि दोघांत मिळून एक हॅचबॅक. रविवारी खडकवासला, महिन्यातून एकदा सिंहगड, इतपतच सायकलिंग. पावसाळ्यात तेही बंद. पुण्याचा पाऊस काही कोकणातला नव्हे, पण साचलेलं पाणी खड्ड्याची खोली लपवतं, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका खड्ड्यानं माझं मनगट प्लास्टरमध्ये घातलं. म्हणून ट्रेनर. रॅकचं कारण वेगळं होतं, त्याकडे येतेच.

एक कबुली सुरुवातीलाच देऊन टाकते. ट्रेनर घ्यायच्या आधी दोन महिने मी रोज रात्री व्हिडिओ पाहत होते आणि वहीत तक्ते करत होते. रॅक मात्र दिवाळीच्या खरेदीत दहा मिनिटांत घेतला. नेमकं उलटं करायला हवं होतं.

तर तो ‘मिक्सर’. ऑफिसमधल्या एकाकडून मे २०२५ मध्ये जुना मॅग्नेटिक ट्रेनर स्वस्तात उचलला होता. यात सायकल तशीच ठेवायची, फक्त मागचं चाक एका लोखंडी रोलरवर दाबून बसवायचं. रोलरला आतून चुंबक अडवतो. स्वस्त, साधा, वीज लागत नाही, सायकल दोन मिनिटांत लागते आणि निघते. पण रबर लोखंडावर घासणार म्हणजे आवाज आलाच, आणि जोर वाढवला की तो वाढतच जातो. तीन आठवड्यांत माझ्या चांगल्या टायरच्या मधोमध सपाट पट्टा पडला आणि फरशीवर काळी भुकटी जमायला लागली. टायरमधली हवा कमी-जास्त झाली की पायाला लागणारा लोडही बदलायचा. अशा ट्रेनरसाठी वेगळ्या कडक रबराचे टायर मिळतात हे नंतर कळलं. दर रविवारी टायर बदलत बसण्याएवढी मी हौशी नाही. चाकाला न धरता नुसते तीन रोलर जमिनीवर ठेवतात, तो प्रकार तोल साधायला उत्तम म्हणे. माझ्या मनगटानं त्याला साफ नकार दिला.

जूनमध्ये डायरेक्ट ड्राइव्ह घेतला. मागचं चाक काढून ठेवायचं आणि साखळी थेट ट्रेनरवरच्या कॅसेटवर, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांच्या गठ्ठ्यावर, चढवायची. टायरचा संबंधच संपला. पन्नास हजारांच्या आसपास गेले, आणि त्यात कॅसेट नव्हती! खोक्यावर हे लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात. घ्यायच्या आधी विचारा.

इथेच पहिली फजिती झाली. ट्रेनरचा फ्रीहब, म्हणजे कॅसेट ज्यावर बसते तो भाग, अकरा स्पीडच्या कॅसेटसाठी बनवलेला असतो, तो दहा स्पीडच्या हबपेक्षा १.८५ मिलिमीटरनं रुंद. म्हणजे दहा स्पीडची कॅसेट बसवायची तर आधी तेवढ्याच जाडीची एक रिंग आत सरकवावी लागते. ती रिंग खोक्यातल्या थर्माकोलमध्ये अडकून होती आणि मी थर्माकोल जिन्याखाली ठेवून मोकळी झाले होते. आठवडाभर कॅसेट खुळखुळत होती, गिअर आपोआप उड्या मारत होते आणि मी ट्रेनरला शिव्या देत होते. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांनी हातात घेऊन एकदा हलवली आणि विचारलं, “वॉशर कुठंय ताई?” नवऱ्याच्या एमटीबीला आरपार जाणारा थ्रू ॲक्सल आहे, त्यासाठी वेगळे ॲडॅप्टर. ते खोक्यात होते, पण आलटून पालटून दोघांच्या सायकली लावायच्या हा बेत दोनदा करून सोडून दिला. आता ट्रेनर माझा आहे.

वहीतल्या तक्त्यांत सगळ्यात जास्त वेळ कशावर घालवला होता? अचूकतेवर, म्हणजे पायांचा जोर ट्रेनर किती बरोबर मोजतो त्यावर. अमुक मॉडेल ±१ टक्का, तमुक ±२.५ टक्के. मी तासभर साधारण १५० वॉटच्या आसपास पेडल मारते. त्याचे अडीच टक्के म्हणजे चार वॉटही नाहीत. आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालं असेल तर याच्या कितीतरी पट फरक पडतो. शर्यतीत उतरणाऱ्यांचं गणित वेगळं असेल. चढाच्या आकड्याचंही तेच. कुणी १२ टक्क्यांपर्यंत चढ भासवतो, कुणी २० टक्क्यांच्या पुढे. पण ट्रेनरला जोडलेल्या फोनवरच्या ज्या ॲपवर मी चालवते त्यात चढ सेटिंगमधून सौम्य करून घेता येतो. सिंहगडाच्या वरच्या वळणांवर जीभ बाहेर येते तसं या खोलीत एकदाही झालेलं नाही, आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नाही.

आवाजाचं म्हणाल तर डायरेक्ट ड्राइव्ह खरंच शांत आहे, शेजारच्या खोलीत मुलगी झोपून राहते. तरी काकू पुन्हा आल्या. आता त्यांना मिक्सर ऐकू येत नव्हता, “छतातून घुमल्यासारखं” वाटत होतं. आवाज आणि कंप या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे मला तेव्हा उमगलं. आवाज हवेतून जातो, कंप स्लॅबमधून. मी ट्रेनर खोलीच्या बरोबर मधोमध ठेवला होता, आणि स्लॅब सगळ्यात जास्त हलतो तो मधोमधच. भिंतीच्या कोपऱ्यात, खाली तुळई आहे तिथे सरकवला आणि पायांखाली जिममध्ये अंथरतात त्या जाड रबरी लाद्या घातल्या. काकूंना बोलावून त्यांच्याच बेडरूममध्ये उभं केलं आणि मी वर चालवून दाखवलं. “आता ठीक आहे, पण सहाच्या आधी नको.” मान्य केलं. नऊ महिन्यांत सगळ्यात उपयोगी ठरलेली खरेदी म्हणजे त्या लाद्या.

दुसरी खरेदी पंख्याची. छताचा पंखा काहीही कामाचा नाही. पेडल मारताना शरीराची जेमतेम पाव ताकद पायांतून बाहेर पडते, बाकीची उष्णता होते. म्हणजे मी १५० वॉट काढत असेन तर सोबत साडेचारशे वॉटची शेगडीही चालू असते. रस्त्यावर ती उष्णता वारा घेऊन जातो, खोलीत वारा कुठला? जुलैत खिडक्या बंद, हवा दमट, दहाव्या मिनिटाला घाम हनुवटीवरून टपटप सायकलच्या हेडसेटवर, म्हणजे हँडल फिरतं त्या सांध्यावर. समोर उभा पंखा लावल्यावर त्याच खोलीत पंचवीस मिनिटांचा व्यायाम पन्नास मिनिटांवर गेला. ट्रेनरचं बजेट ठरवाल तेव्हा पंख्याचे पैसे आधीच बाजूला काढा.

घामावर जुना उपाय केला, हँडलवर सासऱ्यांचा पंचा. तरी ऑक्टोबरात हँडलची टेप सोडली तर खाली पांढरट थर, आणि हँडल धरून ठेवणाऱ्या स्टेमचे दोन बोल्ट गंजून बसलेले. आता दर वेळी ओल्या फडक्यानं पुसते आणि महिन्यातून एकदा बोल्ट सोडून ग्रीस लावते. दारातल्या चिखलापेक्षा घरातला घाम सायकलचे जास्त हाल करतो, हे कुठल्याच व्हिडिओत इतक्या स्पष्ट ऐकलं नव्हतं.

स्मार्ट प्रकाराबद्दल, म्हणजे ट्रेनर फोनला जोडून चालवण्याबद्दल, थोडक्यात. ब्लूटूथवर एका वेळी एकच फोन ट्रेनर चालवू शकतो, आणि नवऱ्याचा फोन तो परस्पर पकडून बसतो. ॲपपैकी मायहूश फुकट आहे, झ्विफ्टला महिन्याचे पैसे पडतात. मी फुकटवाली. ईआरजी मोडमध्ये वॉट ठरवून दिले की गिअर कुठलाही असो, लोड ट्रेनरच सांभाळतो. छान वाटतं. पण पाय जरा मंदावले की तेवढेच वॉट भरून काढायला तो आणखी जड होतो, मग पाय आणखी मंदावतात आणि शेवटी चिखलात रुतल्यासारखे थांबतात. अशा वेळी जोर लावत बसू नका. ॲपमध्ये थांबवा, पाय मोकळे फिरवा, मग पुन्हा सुरू करा. आणि वीज गेली की लोड गायब. आमच्याकडे देखभालीसाठी वीज जाते ती गुरुवारी, म्हणून गुरुवार माझा सुट्टीचा वार.

आता रॅक. पावसाळा संपल्यावर रोज तेच खडकवासला नको वाटायला लागलं. ताम्हिणीला जायचं तर आधी चांदणी चौक. २०२३ मध्ये तिथे नवे पूल झाले, गाडीवाल्यांची सोय झाली, पण पहाटेच्या अंधारात सायकलवर त्या रॅम्पमधून वाट शोधायचा माझा धीर होत नाही. सायकली गाडीवर टाकाव्या, वाईला जावं, पसरणी चढून पाचगणीला चहा घ्यावा, असा बेत होता.

पट्ट्यांचा रॅक घेतला. डिकीच्या दाराला वरून-खालून हुक, मध्ये पट्टे आवळायचे, दोन दांड्यांवर सायकली टांगायच्या. दुकानात मुलानं लावून दाखवला, पण त्यांच्या गाडीवर. आमच्या गाडीच्या डिकीला वर प्लास्टिकचा स्पॉयलर आहे आणि वरचे हुक नेमके त्यावर येतात. स्पॉयलर वजन घ्यायला केलेलाच नसतो. दोन पट्ट्यांची जागा बदलून कसंबसं जमवलं. एमटीबीची वरची नळी तिरकी असल्यानं ती दांड्यांवर आडवी बसेना, त्यासाठी सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) आणि स्टेम जोडणारी वेगळी दांडी आणली. एवढं सगळं होऊन पहिल्याच फेरीत खेड शिवापूरच्या अलीकडे आरशात पाहिलं तर सायकली डोलत होत्या. पट्टे पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये सैल पडतातच, तेव्हा थांबून पुन्हा आवळायचे, हे कागदावर लिहिलेलं होतं. कागद थर्माकोलच्या वाटेनं गेला होता. (आमच्या घरात हा प्रकार आहे.)

खंबाटकीच्या चढात नवरा म्हणाला, “जळल्याचा वास येतोय का गं?” उतरून पाहिलं तर एमटीबीचं मागचं चाक सायलेन्सरच्या तोंडासमोर लोंबत होतं. रबर मऊ पडलं होतं, फुटलं नव्हतं. चाक वर बांधायला गाडीत काही नव्हतं, शेवटी माझ्या ओढणीनं बांधलं. पसरणी मात्र झकास झाली. वाईपासून साधारण बारा किलोमीटर, चढ सलग पण अंगावर येत नाही, आणि वळणावळणाला खाली कृष्णेचं खोरं दिसत राहतं. नऊ महिन्यांच्या घरातल्या सायकलिंगचं भाडं तिथे वसूल झालं म्हणेन, फक्त तेव्हा ते पाचच महिने झाले होते.

येताना कात्रजला हवालदारांनी बाजूला घेतलं. “मॅडम, नंबर कुठंय?” नंबरप्लेट सायकलींच्या आड, एक टेललाइटही झाकलेला. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, नंबर दिसलाच पाहिजे. मला वाटलं होतं की तोच नंबर छापून रॅकवर टांगू. पण १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना येते ती एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, होलोग्राम आणि लेझर क्रमांकासकट येते, घरी छापलेला पुठ्ठा तिची जागा घेऊ शकत नाही. घरी येऊन रॅक उतरवला तर पॅडखाली अडकलेल्या धुळीनं रंगावर दोन अर्धचंद्र कोरलेले. तीन फेऱ्यांनंतर तो रॅक माळ्यावर गेला.

जानेवारीत, पुणे ग्रँड टूरच्या शर्यतीनं सगळ्यांनाच सायकलचा चेव आला होता त्या आठवड्यात, छतावरचा घेतला. या वेळी गाडी घेऊनच दुकानात गेले आणि बसवून बघितल्याशिवाय पैसे दिले नाहीत. आमच्या छताला रेल नाहीत, त्यामुळे दाराच्या चौकटीत अडकणारे आडवे बार, त्यांवर दोन पन्हळी. सायकल पन्हळीत उभी करायची आणि रॅकचा एक हात तिची खालची नळी पकडतो. कार्बनची फ्रेम असेल तर हा प्रकार टाळा, चाकाला किंवा फोर्कला धरणारा घ्या. नंबरप्लेट मोकळी, डिकी उघडते, सायकली हलत नाहीत. हायवेला वाऱ्याचा सूं आवाज येतो आणि आमची गाडी लिटरला अठरावरून पंधरावर येते. एमटीबी वर चढवायला दोघं आणि एक स्टूल लागतं.

खरी भीती उंचीची. गाडी दीड मीटर, वर सायकलीचा मीटरभर, आणि सोसायटीच्या पार्किंगची तुळई सव्वादोन मीटरवर. दमून परत येताना डोक्यावर सायकल आहे हे माणूस साफ विसरतो. एकदा मी गेटात ओरडले म्हणून वाचलो. आता निघतानाच स्टिअरिंगला हेल्मेट अडकवून ठेवतो आणि परतल्यावर सायकली गेटबाहेर उतरवतो.

टो-बारवर (गाडीमागे काही ओढायला लावतात त्या दांड्यावर) बसणारा प्लॅटफॉर्म रॅक वापरायला सगळ्यांत सोपा असतो, कमरेच्या उंचीवर सायकल ठेवायची की झालं. पण आमच्या छोट्या गाडीला टो-बार लावायचा म्हणजे गाडीच्या मूळ रचनेला हात घालायचा, आणि नंबरप्लेटचा प्रश्न तिथेही आहेच. तुमची एकच सायकल असेल तर काहीच घेऊ नका. दोन्ही चाकं काढा, मागची सीट पाडा, जुनी चादर टाका. मी एकटी मैत्रिणीबरोबर जाते तेव्हा तसंच करते.

परवापासून ट्रेनरमधून एक नवीन आवाज येतोय, जोर लावला की चिमणीसारखा चिवचिवाट. कॅसेट घट्ट आहे, रिंग जागेवर आहे, साखळी पुसली. आतल्या बेल्टचा असावा. वॉरंटी जूनपर्यंत आहे, खोकं मात्र हवं म्हणतात, आणि खोकं माळ्यावर त्या पट्ट्यांच्या रॅकच्या मागे आहे. रविवारी काढते.