कमी तापमानाचा रेडिएटर फॅन स्विच: काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडीचा रेडिएटरचा पंखा तापमानानुसार चालू-बंद करणारा मूळ स्विच ९५-९० चा होता, म्हणजे ९५ अंशांना पंखा सुरू, ९० ला बंद. त्याजागी ९२-८७ चा बसवला. थर्मोस्टॅट (इंजिनातलं गरम कूलंट, म्हणजे थंड ठेवणारं द्रव, रेडिएटरकडे सोडणारी झडप) मूळचाच, ८७ अंशांना उघडायला लागणारा.

उन्हाळाभर वापरल्यावर एक गोष्ट स्पष्ट सांगता येते: या स्विचने इंजिन सतत गार चालत नाही. मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा पूर्वी होता तिथेच आहे, कारण तिथलं तापमान थर्मोस्टॅट आणि समोरून येणारी हवा ठरवतात. फरक दिसतो तो तुंबलेल्या ट्रॅफिकमध्ये. पंखा आधी लागतो, त्यामुळे काटा मधल्या खुणेच्या वर सरकायच्या आतच थांबतो. एसी लावून उभ्या गाडीत हे विशेष जाणवतं. बदल्यात पंखा जास्त वेळा लागतो आणि त्याचा आवाज ऐकू येतो.

आणखी खालचा, ८८-७९ चा स्विच मात्र या थर्मोस्टॅटबरोबर घेऊ नये. स्विच रेडिएटरच्या गरम बाजूला असेल तर थर्मोस्टॅट उघडल्यावर तिथलं कूलंट ७९ पर्यंत उतरतच नाही आणि पंखा थांबत नाही. मोटरचे ब्रश झिजतात. काही गाड्यांत पंख्याला थेट बॅटरीचा पुरवठा असतो. तिथे चावी काढल्यावरही तो फिरत राहतो आणि बॅटरी उतरते.

विकत घेताना स्विचवर छापलेले आकडे, आटे आणि पिना जुळवा. बऱ्याच युरोपीय गाड्यांत आट्यांचा व्यास २२ मिमी आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ मिमी असते. दोन पिना म्हणजे पंख्याचा एक वेग, तीन म्हणजे दोन. ज्या गाड्यांत पंखा ईसीयू (इंजिनचा संगणक) चालवतो, तिथे हा स्विच नसतोच.

बसवण्याआधी तपासणं सोपं आहे. भांड्यातल्या पाण्यात स्विचचं फक्त पितळी टोक बुडेल असा तो दोऱ्याने टांगा. तळाला टेकू देऊ नका, तळ पाण्यापेक्षा गरम असतो. शेजारी थर्मामीटर धरा, पिनांना मल्टिमीटर बीपच्या (कंटिन्युइटी) सेटिंगवर लावा. ९२ च्या आसपास बीप यायला हवी, पाणी निवताना ८७ च्या आसपास बंद व्हायला हवी. एक-दोन अंशांचा फरक चालतो.

काम पूर्ण थंड इंजिनवरच. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, खाली ट्रे ठेवा. झाकण बंद ठेवून नवा स्विच हाताशी धरलात तर कूलंट कमी सांडतं. सांडलेलं लगेच पुसा. ते गोडसर आणि विषारी असतं, जनावरं चाटतात. वॉशर नवाच घाला. रेडिएटरची टाकी प्लास्टिकची असेल तर पाना लावण्याआधी सगळे आटे हाताने बसवा. एक आटा तिरका गेला की टाकी वाया.

मग त्याच प्रकारचं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं मिसळून भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढा आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. स्विचपाशी हवा अडकली तर त्याला तापमान कळतच नाही, आणि दोष नव्या स्विचला दिला जातो. तरीही पंखा लागला नाही तर दोन पिनांचा कनेक्टर काढून त्यातली दोन्ही टर्मिनलं वायरने एकमेकांना जोडा. पंखा फिरला तर बिघाड स्विचमध्ये किंवा अडकलेल्या हवेत; नाही फिरला तर फ्यूज, रिले (पंख्याचा मोठा करंट स्विचऐवजी स्वतः चालू-बंद करणारा भाग), मोटर बघा.

मुळातच गाडी हीट होत असेल तर आधी तुंबलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट, थकलेला वॉटर पंप शोधा. आणि पंख्याचा पूर्ण करंट रिलेशिवाय स्विचमधून जात असेल तर दर सर्व्हिसिंगला कनेक्टर उघडून बघा. प्लास्टिक तपकिरी पडलं असेल तर रिले बसवूनच पुढे चालवा.